भंडारदऱ्याला तंबू नको, घर घ्या

भंडारदऱ्याला दोघंच जाणार असाल आणि रात्री झोप हवी असेल, तर शेंडी गावाच्या बाजूला धरणाच्या काठावर तंबू घेऊ नका. धरणाला वळसा घालून पलीकडे रतनवाडीला जा आणि तिथे एखाद्या घरात उतरा. एवढं वाचून थांबलात तरी माझं काम झालं. ज्यांना बाथरूमपासून भाकरीपर्यंत सगळं आधी कळायला हवं असतं (मी त्यातलीच), त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

आम्ही नाशिकचे, दोघंही निवृत्त. गाडी मी चालवते, हे शेजारी बसून चालवतात. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून यांचा पाय क्लचवरून उठला, पण "सेकंड टाक, सेकंड" काही सुटलं नाही. गाडी साधी वॅगनआर, तीही जुनी. हे अशासाठी सांगतेय की तिकडे जायला उंच गाडीच लागते असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. उंच गाडी लागत नाही, सवड लागते.

ज्या घरात उतरलो त्याचं नाव देणार नाही. त्यांच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या दोनच, आणि त्या घरच्या मावशींनी निघताना बजावलंय, "ताई, नंबर कुठं टाकू नका. फोन उचलायला पोराला टेकाडावर जावं लागतं." रतनवाडीत पाहुणे ठेवणारी घरं बरीच आहेत. अमृतेश्वराच्या देवळापाशी चहाच्या टपरीवर विचारलंत तरी कोणीतरी घरी घेऊन जातं. इथे लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

दसरा उलटून गेला होता, दिवाळी यायची होती. माझ्या मते जोडीने जायला हेच दिवस. धरण काठोकाठ भरलेलं असतं, उतारावर सोनकीची फुलं पिवळीधमक, खाचरांत भात लोंब्यांनी वाकलेला आणि पावसाळ्यातली भिजायला आलेली गर्दी ओसरलेली. त्यातही मधला वार बघा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, आणि त्या चिंचोळ्या रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर अडल्या की मागच्यांनी उतरून गप्पाच मारायच्या.

नाशिक ते घोटी हायवे आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोटीत मात्र पेट्रोल भरून घ्या आणि खिशात रोख ठेवा. पुढे फोनवरून पैसे देण्याची भाषा फारशी चालत नाही, कारण रेंजच नसते. भाताच्या गिरण्या मागे टाकून डावीकडे वळलं की रस्ता एकदम निवांत होतो. बारीजवळ उजव्या हाताला कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आम्हाला तिचं टोक काही दिसलं नाही, ढगात होतं. यांनी गुडघ्यावर हात ठेवून खालूनच नमस्कार केला.

शेंडीला भंडारदऱ्याची मुख्य वस्ती, हॉटेलं, बोटी आणि धरणाची भिंत. विल्सन धरण. काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली संपलं. नाव दिलं ते तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. 82 मीटर उंचीची दगडी भिंत, मागे अकरा टीएमसी पाणी. भिंतीखालच्या अंब्रेला फॉलबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. तो निसर्गाचा नाही, पाटबंधारे खात्याचा आहे. धरणातून पाणी सोडलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, नाही सोडलं तर नुसता खडक. आम्ही गेलो तेव्हा बंद होता. एक नवं लग्न झालेलं जोडपं तिथल्या पहारेकऱ्याला "किती वाजता चालू करणार?" असं विचारत होतं, आणि तो बिचारा गंभीरपणे "वरून ऑर्डर आली की" सांगत होता.

इथून धरणाभोवतीचा फेरा सुरू होतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडावी लागते, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पावती सांभाळून ठेवा. आता एक गोष्ट सांगते जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. शेंडीहून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी अशा दिशेने गेलात, तर पाणी सतत डाव्या अंगाला राहतं. म्हणजे शेजारी बसलेल्याला तलाव आणि चालवणाऱ्याला डोंगर. उलट्या दिशेने गेलात तर तलाव चालवणाऱ्याच्या बाजूला. कोण कुणावर किती प्रेम करतं त्याप्रमाणे ठरवा. आमच्यात तलाव यांना गेला. मोबदल्यात मी म्हणेन तिथे गाडी थांबवायची आणि "कशाला आता?" विचारायचं नाही, असं ठरलं. एकदाच विचारलं.

साधारण 45 किलोमीटरचा फेरा, पण तासाभरात होईल असं धरून निघू नका. काही ठिकाणी डांबर छान, काही ठिकाणी खड्ड्यांच्या मधून रस्ता शोधायचा. घाटघर ते साम्रद हा तुकडा सगळ्यात वाईट. लाल एसटी समोरून आली की लाज न बाळगता मागे घ्या. तो ड्रायव्हर रोज येतो, त्याला माहीत असतं कुठे जागा आहे. पांजऱ्याच्या आसपास रस्ता पाण्याजवळ येतो, तिथे आम्ही बराच वेळ होतो. समोरच्या अंगाला रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं (खडकातलं आरपार भोक) उन्हात स्पष्ट दिसत होतं. अलीकडे पाणी इतकं गच्च भरलेलं की काठावरचं गवत अर्धं बुडालेलं. दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या, आम्ही बसलोय तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांच्या दृष्टीने आम्ही म्हणजे उनाड.

घाटघरला माझा अंदाज चुकवला तो यांनी. कोकणकड्यावर पाच मिनिटं वारा खाल्ला, खाली ठाणे जिल्ह्याचं जंगल बघितलं, कुलंग किल्ल्याकडे बोट दाखवलं आणि मग हे जे उदंचन प्रकल्पावर सुरू झाले ते थांबेचनात. आयुष्य वीज मंडळात गेलेला माणूस. ज्यांना घाटघर म्हणजे फक्त कडा माहीत आहे त्यांच्यासाठी यांचं भाषण थोडक्यात: वर एक धरण, खाली कड्याच्या पायथ्याला चोंढ्याजवळ दुसरं, आणि मधे डोंगराच्या पोटात वीजघर. 125 मेगावॉटचे दोन संच, मिळून 250. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि संध्याकाळी घराघरात दिवे-टीव्ही लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. 2008 पासून चालू आहे. मी विचारलं, वर चढवायला जास्त वीज लागते ना, मग फायदा काय? त्यावर यांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं. फायदा विजेचा नसतो, वेळेचा असतो, म्हणाले. भाजलेलं कणीस यांच्या हातात गार झालं ते वेगळंच.

साम्रदला सांदण दरी. तिथे आत पाणी असताना आणि वाटाड्याशिवाय उतरू नये, आणि आमच्या गुडघ्यांसह तर नाहीच. न थांबता पुढे.

रतनवाडीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आधी देऊळ बघून घेतलं, कारण अमृतेश्वर तिरप्या उन्हातच बघावा. शिलाहार राजा झंज याने नद्यांच्या उगमांपाशी शिवमंदिरं बांधली असं सांगतात, त्यातलं हे प्रवरेचं. प्रवरा इथेच रतनगडावर उगम पावते. खांबांवरचं कोरीव काम इतकं दाट की नजर कुठे टेकवावी कळत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्यात असते. आम्ही गेलो तेव्हा पायरी ओली होती. बाहेरची पुष्करिणी चुकवू नका. चारही बाजूंनी कोनाडे आणि त्यात मूर्ती. तिच्या पाण्यात कुरकुऱ्यांचं एक पाकीट तरंगत होतं. ते काढायला हे वाकायला लागले तेव्हा मी ओरडले, शेवटी तिथल्या पोराने काठीने काढलं.

आता घर. जुनं घर मातीच्या भिंतींचं, कौलारू, त्याच्या शेजारी सिमेंटच्या दोन खोल्या, वर पत्रा. खोली स्वच्छ. इतकी स्वच्छ की फरशीवरून पाय घसरायची भीती. एक खिडकी रतनगडाकडे उघडते. कमोड फक्त एका खोलीत आहे, दुसरीत भारतीय पद्धतीचा संडास. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी फोनवरच "कमोडवाली खोली" असं स्पष्ट म्हणावं. आम्ही म्हटलं होतं, आणि त्यांनी ती आमच्यासाठी राखून ठेवली होती. फ्लश मात्र शोभेचा, बादलीनेच पाणी ओतायचं. गरम पाणी बंबातलं. सून सकाळी दार वाजवून बादली ठेवून जाते आणि तीत पुन्हा अर्धी बादली गार पाणी घालावं लागेल इतकं कढत असतं.

खरी तक्रार गादीची. नवी कोरी गादी, आणि तिच्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक तसंच. वर चादर. कूस बदलली की फर्रर्र. मी बदलली की हे जागे, यांनी बदलली की मी. रात्री उठून ते प्लास्टिक एका बाजूने ओढून काढायला बघितलं तर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. सकाळी मावशींना म्हटलं, तर त्यांचा हिशेब तयार होता: "पाहुणे येतात, रस्सा सांडतो. गादी धुवायची कशी?" बरोबरच आहे. पण मावशी, वर एक जाड सतरंजी घाला, प्लास्टिकही राहील आणि झोपही. त्या हो म्हणाल्या. घातली की नाही ते पुढे जाणाऱ्याने कळवावं. तोवर घरून एक दुलई न्या.

जेवणासाठी मात्र मी पुन्हा तशा गादीवर झोपेन. आम्ही चुलीपाशीच बसलो, कारण नागलीची भाकरी ताटात येईपर्यंत थांबत नाही, तव्यावरून तोंडात जावी लागते. मावशींची रीत बघत होते. पीठ उकळत्या पाण्यात मळलेलं. गोळा दोन्ही तळव्यांत फिरवत थापायचा, परातीला फार लावायचा नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि तो ओलसरपणा सुकायच्या आत उलटी. मग तवा बाजूला, भाकरी थेट निखाऱ्याला उभी. फुगली की कडेला बोटाने दाबून वाफ सोडायची. बोट भाजत नाही का, विचारलं तर हसल्या. भाकरी काळपट तांबडी, कडेला करपल्याचा वास. सोबत पाट्यावरचा ठेचा, लसूण जास्त, मिरची त्याहून जास्त. पिठलं पातळ, हुलग्याचं. वालाची उसळ, आणि शेवटी काळभात. ह्या भाताचं तूस काळं असतं, आतला दाणा पांढरा, बारीक आणि वास असा की वरण घालायचं मन होत नाही. मी नुसता मीठ-तूप घालून खाल्ला. बी कुठून आणता विचारलं तर म्हणाल्या, घरचंच, सासूबाईंपासूनचं. हा अकोले तालुका आहे हे लक्षात घ्या. गावठी बियाणं जपल्याबद्दल ज्यांना 2020 साली पद्मश्री मिळाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या.

धरणातली चिलापी मासळीही मिळते, पण ती शेंडीच्या टपऱ्यांवर तळून जास्त चांगली लागते. इथे कोंबडी घ्यावी. गावठी आहे, चावायला वेळ लागतो, रस्सा मात्र असा की हे दोनदा भात घेऊन मोकळे झाले. डॉक्टरांना सांगू नका.

पैसे माणशी 1,200, त्यात खोली, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा आणि पोहे. कोंबडीचे वेगळे. हे वेगळे किती, ते मुलाने फोनवर एक सांगितलं होतं आणि मावशींनी ताटावर दुसरं. फरक शंभर-दोनशेचा, वाद घालण्यासारखा नाही, पण आधी विचारून घेतलेलं बरं. पोहे सामान्य. तेल जास्त, आणि मावशी सकाळी खाचरात जातात त्यामुळे सुनेच्या हातचे. सुनेला भाकरीच येते, पोह्यांत तिचं मन नाही. मी सरळ सांगते, नाश्त्यालाही रात्रीची शिळी भाकरी आणि दूध मागा. शेजाऱ्यांकडे चहाबरोबर दिसली म्हणून आम्हाला कळलं.

तंबूबद्दल एवढं कडक का लिहितेय त्याचंही कारण आहे. मागे मुलाने आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून असाच काठावरचा तंबू घेऊन दिला होता. रीलवर तंबूच्या दारात पाणी. प्रत्यक्षात आमच्या आणि पाण्याच्या मधे तंबूंच्या चार रांगा. आगाऊ पैसे भरलेले, फोन घेणारा माणूस मुंबईत, जागेवरचा पोरगा म्हणतो मला काही माहीत नाही. रात्री साडेबारापर्यंत स्पीकर, अमर्याद बार्बेक्यूच्या नावाखाली बटाट्याचे काप आणि संडासाला रांग. त्यातले किती रुपये त्या गावात पोचले असतील, कोण जाणे. सगळेच तंबूवाले तसे नसतील. काही गावातल्याच पोरांचे आहेत आणि ते नीट चालवतात, असं मावशींचा मुलगा म्हणाला. पण रीलवरून ते ओळखायचं कसं? घर निदान उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कोलटेंभे, मुतखेल करत शेंडी. हा तुकडा झाडीचा, सावलीचा, रस्ताही बरा. ओढे अजून वाहत होते, धबधबे मात्र बारीक झालेले. पावसाळ्यात हेच बघायला लोक येतात, आम्हाला ऑक्टोबरमधली धारही पुरली. मुतखेलच्या अलीकडे एका वळणावर पूर्ण तलाव एका नजरेत येतो आणि पलीकडे कळसूबाईची रांग. ह्या वेळी ढग नव्हता. मी गाडी थांबवली, आणि यांनी न विचारता थर्मास काढला.

कुणी जाऊ नये तेही सांगते. एसी, टीव्ही, वायफाय लागणाऱ्यांनी नाही. लहान बाळ असेल तर दोनदा विचार करा, दवाखाना जवळ नाही आणि रात्री तो रस्ता चालवायचा नाही. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला, शांततेसाठी म्हणून तर मुळीच नाही. काजवे असतात हे खरं, पण त्यांच्याहून जास्त हेडलाइट असतात.

गुण द्यायचे तर जेवणाला पाचपैकी पाच, खोलीला साडेतीन, माणसांना पाच, पोह्यांना दोन आणि गादीला शून्य, सतरंजी येईपर्यंत. कोंबडी हवी असेल तर घोटीत पेट्रोल भरतानाच फोन करून सांगा. बारीच्या पुढे रेंज ना तुम्हाला ना त्यांना, आणि संध्याकाळी पोचून सांगितलंत तर ती शिजेपर्यंत दहा वाजतात.